सदतीस नंबरची कुपी

सोमवार, २४ सप्टेंबर २०१८. पुसद

आले एकदाची. दोन रेल्वेगाड्या, एक एसटी आणि शेवटी एक ऑटो, ज्यात माझ्या तीन बॅगा आणि कोणाची तरी दोन करडं शेजारी शेजारी बसली होती. मिरजेहून निघताना आईनं पाठवणी केल्यासारखे डोळे पुसले. जुईनं मात्र एवढंच विचारलं, की तिकडे आईस्क्रीम मिळतं का. मिळतं. स्टँडसमोरच दुकान आहे, उतरल्या उतरल्या पाहून फोन केला. सहा वर्षांच्या माणसाला दिलेला शब्द पाळावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि आई इथे येणार, आणि जूनपासून आम्ही तिघी इथेच राहणार. ही नोकरी घेतली ती त्यासाठीच. तिचा बाबा दुसऱ्या संसारात सुखी आहे, आता आम्हालाही एक घर हवं.

संशोधन केंद्र गावाबाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. जिथे कापसातून सरकी काढून रुई निघायची तिथे आता सूक्ष्मदर्शक आहेत. मागे माझी दोन खोल्यांची क्वार्टर. स्वयंपाकाला बसंतीबाई येतात, जवळच्याच तांड्यावरच्या. पहिल्याच जेवणात त्यांनी माझी परीक्षा घेतली: ज्वारीची भाकरी आणि अशी झणझणीत चटणी, की कानातून धूर निघाला. मी हूं की चूं केलं नाही. पास झाले असावे, कारण दुसरी भाकरी न विचारता वाढली.

बुधवार, २६ सप्टेंबर

आज काम समजून घेतलं. केंद्राचे प्रमुख पंजाबराव सर, वय सदुसष्ट, उत्साह सतराचा. सोबत तंत्रज्ञ धम्मदीप, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, अबोल आणि कमालीचे नीटनेटके.

लोखंडाचा इतका बारीक कण बनवायचा की केसाच्या जाडीत हजारभर मावतील, आणि त्यावर असं वेष्टण चढवायचं की जिवंत पेशीनं त्याला घरचा समजून आत घ्यावं. आत गेला की त्यानं दोन गोष्टी करायच्या. एमआरआयच्या चित्रात काळा दिसून आपला ठावठिकाणा सांगायचा, आणि सोबत आणलेलं औषध तिथेच सोडायचं. कोणासाठी, हे या भागात विचारावं लागत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत कपाशीवर फवारणी करताना विष अंगात जाऊन माणसं दगावली. जी वाचली त्यांतल्या काहींच्या हातापायांत अजून जोर नाही. त्यांच्या मज्जापेशींपर्यंत औषध न्यायचं आहे.

इथल्या पद्धती पाहून आधी हसू आवरेना. हातमोजे एकदा वापरून फेकत नाहीत. धुऊन दोरीवर वाळत घालतात, वर चिमटे. वेष्टणासाठी लागणारं रक्तद्रव बाहेरून मागवलं तर उन्हात वाटेतच नासतं, म्हणून सगळे आपलं स्वतःचंच देतात. सरांनी दिलं, धम्मदीपनी दिलं, लेखनिकानंसुद्धा दिलं. माझीही एक नळी काढून घेतली, वर चहा. मिरजेत नवीन माणसाला पेढा देतात.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

माझे कण शुंभ निघाले. पेशीच्या भिंतीला जाऊन चिकटतात आणि बंद दारापुढे ताटकळत बसतात. सरांच्या रक्ताचे तसेच, धम्मदीपचे तसेच.

मग धम्मदीपनी शीतकपाटाच्या तळातून एक कुपी काढून दिली. सदतीस नंबर. माझ्याआधी इथे प्रफुल्ल नावाचा संशोधक होता, फुलसावंगीचा, धम्मदीपच्याच गावचा. ही त्याची शेवटची. गेल्या ऑक्टोबरमध्ये सुट्टीला घरी गेला, वडिलांची कंबर धरली होती म्हणून चार दिवस पंप पाठीवर घेऊन फवारलं, आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात नेला तो परत आला नाही. सत्तावीस वर्षांचा. धम्मदीप हे सांगत होते तेव्हा कुपीवरचं दव पुसत होते, पुन्हा पुन्हा.

सदतीसचे कण दहा मिनिटांत आत. एकही बाहेर उरला नाही. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पंधरा नोव्हेंबरला समिती येणार आहे. असं काही दाखवलं तर माझी नेमणूक पक्की, आणि जुईचा शाळेचा दाखला इथे आणता येईल.

रविवार, १४ ऑक्टोबर

आज बसंतीबाईंच्या शेतात सीतादही होतं. वेचणीच्या पहिल्या दिवशी कपाशीत (इकडे पऱ्हाटी म्हणतात) पाच दगड मांडून पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग पहिला कापूस वेचतात. यंदा तो मान त्यांनी मला दिला. मी पदर खोचून, म्हणजे ओढणी बांधून, जोरात सुरुवात केली. कापूस मऊ असतो हे खरं, पण त्याखालचं वाळलेलं बोंड पाच सुया घेऊन बसलेलं असतं. दहा मिनिटांत बोटांची चाळण. बायका पोट धरून हसल्या. उजव्या तर्जनीला तर चांगलंच घुसलं. दहीभात मात्र फर्मास होता.

जुईला फोनवर बोट दाखवलं. तिनं पलीकडून फुंकर घातली.

सोमवार, १५ ऑक्टोबर

सदतीसचा साका तळाशी बसला होता, तो हलवताना कुपीचं बूच निसटलं आणि थोडं हातावर आलं. हातमोजा होता. काढल्यावर दिसलं की तर्जनीपाशी त्याला बारीक भोक आहे. किती वेळा धुतला असेल देव जाणे. बोट गार पडल्यासारखं झालं, बर्फाला लावावं तसं. साबणानं धुतलं, पट्टी लावली. थेंबभरही नसेल.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

तीन दिवस प्रयोगशाळेत मी एकटीच आहे. सर अमरावतीला, धम्मदीप धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी कुटुंबासह नागपूरला दीक्षाभूमीवर.

एक गोष्ट जुळत नाही. पेशी विभागली की तिच्यातले कण दोघींत वाटले जातात, निम्मे निम्मे. पुढच्या वेळी त्याच्याही निम्मे. असंच व्हायला हवं. सदतीसच्या पेशींत तसं होत नाही. एकीच्या दोन झाल्या तरी दोन्हींत पहिल्याइतकेच कण. तीनदा मोजले, सूक्ष्मदर्शक बदलून मोजले. लोखंड काही पिल्लं घालत नाही.

तर्जनी बधिर आहे आणि जखम मिटत नाही. गंजासारखं काहीतरी पाझरतं. आज दुपारी जेवताना बसंतीबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मी भाकरीचा तुकडा मोडून बोटांत दोनदा फिरवत होते. प्रफुल्लही जेवताना असंच करायचा, म्हणाल्या. मी असं कधी करत नाही. निदान करत नव्हते.

सोमवार, २२ ऑक्टोबर

बधिरपणा मनगटापर्यंत आला आहे. धम्मदीप आले तसं त्यांना सगळं सांगितलं आणि कुपीवरची तारीख दाखवली: ९ ऑक्टोबर २०१७. त्या दिवशी तर प्रफुल्ल दवाखान्यात होता. मग त्याचं रक्त इथे कसं आलं?

त्यांनी कुपी पुसून परत शीतकपाटात ठेवली. मग बोलले. दवाखान्यात प्रफुल्लनंच हट्ट धरला होता. विषाशी झगडणाऱ्या अंगाचं रक्त पुन्हा मिळायचं नाही, आत्ताच काढ, म्हणाला. धम्मदीपनी काढलं आणि रात्रीच्या आत कणांवर वेष्टण चढवलं. सुई टोचत असताना प्रफुल्ल एकच वाक्य बोलत होता, तेच तेच. ते काय होतं, विचारलं.

"मले घरी जायचं हाये," धम्मदीप म्हणाले.

माझ्या मनात आलेला शब्द मी उच्चारला नाही. त्यांनी ओळखला. आपण हे मानत नाही मॅडम, बाबासाहेबांनी आम्हाला त्यातून बाहेर काढलं, असं शांतपणे म्हणाले. मीही मानत नाही. मग दोघंही माझ्या हाताकडे का बघत होतो?

गुरुवार, २५ ऑक्टोबर

यवतमाळला जाऊन एका खासगी केंद्रात एमआरआय काढून घेतला. तिथले डॉक्टर चक्रावले. तर्जनीच्या टोकापासून कोपराच्या वरपर्यंत एक काळी रेघ, बरोबर मज्जातंतूवरून. यंत्रातली चूक असेल, म्हणाले. मला माहीत आहे आमचे कण चित्रात कसे दिसतात. मीच तर ते तसे दिसावेत म्हणून राबते आहे.

मज्जापेशी विभागत नाहीत. तिथे जे गेलं ते विरळ व्हायची आशा नाही. आणि त्या रेघेला जायला एकच वाट आहे. खांदा, मान, डोकं.

भीती वाटते. मला काही झालं तर जुईचं काय, हा एकच विचार दिवसभर.

शनिवार, २७ ऑक्टोबर

कण वेगळे करायचा मोठा लोहचुंबक दंडाला बांधला आहे. दोन दिवस बधिरपणा पुढे सरकला नाही, रेघ तिथेच थांबली. आतून कोणीतरी टाचा रोवून ढकलतंय अशी कळ येते, पण थांबली.

सरांना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे भरून आले. मला वाटलं माझ्यासाठी. माणसात पोचलं हो, विदुला, माणसात पोचलं, म्हणाले, आणि नळीभर रक्त मागितलं. मी उठून आले. दवाखान्यात भरती व्हायचं विचारलं तर तेच म्हणाले, कुठलाही डॉक्टर काय काढणार तुझ्यातून? ते मात्र खरं आहे.

आईला फोन करून कळवलं, दिवाळीला येऊ नका, मला संसर्ग झालाय. जुई फोनवर आलीच नाही. रुसली आहे. रुसू दे.

सोमवार, २९ ऑक्टोबर

चुंबक सकाळी जमिनीवर पडलेला होता. पट्टा सोडवलेला. तुटलेला नव्हता, सोडवलेला.

आज आईला पत्र लिहावं म्हणून बसले, आधी इथेच कच्चं. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस, जुईला

मले घरी जायचं हाये मले घरी जायचं हाये माय वाट पाहून राह्यली असन

वरची ओळ मी लिहिलेली नाही. अक्षर बघ. माझं अक्षर गोल आहे. हे उभं, टोकदार आहे. धम्मदीपना दाखवलं. त्यांनी प्रफुल्लची जुनी वही काढली. दोन्ही शेजारी ठेवलं. नंतर ते बाहेर जाऊन पायरीवर बसून राहिले.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

हे डाव्या हातानं. वेडंवाकडं आहे. थोडंच लिहीन.

घरी जायचंय तर पोचवून यावं, असं ठरवलं. सुटेल कदाचित. धम्मदीपसोबत फुलसावंगीला गेले. प्रफुल्लची आई, सत्यशीलाबाई, अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. आम्ही कोण, कशाला आलो, काही सांगायच्या आत माझा उजवा हात गेला आणि फाटकाची कडी निघाली. तिला आतून एक खटका आहे, वर उचलून डावीकडे दाबायचा. मला माहीत नव्हता. हाताला होता.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग उठून आली. माझा हात हातात घेतला, प्रत्येक बोट चाचपलं, गालाला लावला. रडली. मीही रडले, किंवा तो. किती वेळ कोणास ठाऊक. मग तिनं हात खाली सोडला आणि मला विचारलं, लेकरं आहेत का. सांगितलं, एक मुलगी.

"माह्या लेकाले मी जाळून आली, बाई. तू कोनाची तरी माय हायेस. तिच्याकडं जाय. याले नको आनू माह्या दारात."

आत गेली. दार लावलं. दाराआड तिचं रडणं ऐकू येत होतं. हात फाटकावर आपटत राहिला, सालं निघेपर्यंत. धम्मदीपनी ओढून गाडीत बसवलं.

स्वतःच्या पोटचं परतवलं तिनं. माझ्या मुलीसाठी, जिला कधी पाहिलं नाही. मला जमलं असतं का?

गुरुवार, १ नोव्हेंबर

बोटातून पाझरलेला थेंब काचेवर घेतला. कण. खच्चून भरलेले. पेशींच्या दोन थाळ्यांवर सोडला. जुन्या, जाड पेशींनी घेतले नाहीत. कोवळ्यांनी — दोन मिनिटं. दोनच.

त्याला आता घर नाही. कोणतंही चालेल.

खांदा गेला. मान जड.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

रोज सकाळी लिहायचं. जुई. अकरा जुलै. डाव्या भुवईत व्रण, पाळण्यावरून पडली. भेंडी आवडत नाही. झोपताना माझा कान धरते.

काल आणखी एक होतं. आठवत नाही.

त्याच्या जागी — एक पांढरी बैलजोडी. विहिरीचं पाणी. कोणीतरी प्रफुल्या म्हणून हाक मारतंय. मी ओ देतेय.

शनिवार, ३ नोव्हेंबर

फोन पाहिला. परवा आईला संदेश गेलाय माझ्या नावानं — बरी झाले, जुईला घेऊन लगेच या, वाट बघतेय.

मी नाही. मी नाही पाठवला.

निघाल्या. गाडीत आहोत असं आईचं उत्तर आलंय. आता तिचा फोन लागत नाही. पन्नासदा लावला. धम्मदीपना सांगितलं, स्टँडवर थांबा, तिथूनच परत पाठवा, हवं तर खोटं सांगा, मेले म्हणून सांगा. गेलेत ते.

मी निघून जाणार होते. दारापर्यंत गेले. कडी उजव्या हातानं धरून ठेवली आहे.

बसंतीबाईंना खिडकीतून हाक मारली. आवाज ऐकून त्या पळाल्या. कोणाचा आवाज होता?

रविवार, ४ नोव्हेंबर

आल्या. अकरा वाजता. अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत आल्या, जुईला पऱ्हाटी बघायची होती म्हणे. धम्मदीप स्टँडवर उभेच असतील.

आई न्हाणीत आहे. तिला काही सांगू गेले की तोंडातून बरं चाललंय एवढंच निघतं. हात तिच्या येण्याआधी खाटेच्या दांड्याला बांधला. ओढणी. दातांनी आवळल्या गाठी. तीन.

जुईला म्हटलं दारातच थांब. मला सर्दी आहे. थांबली आहे. दोन वेण्या, नवीन रिबिनी. किती उंच झाली दीड महिन्यात.

दात पडला म्हणते. गाडीत. खालचा, पुढचा. पुडीत बांधून आणलाय मला दाखवायला. अजून रक्त येतंय थोडं. बघ म्हणते.

नाही. आजीला दाखव.

ओठ काढलाय. मी तुझ्यासाठी रडले पण नाही, म्हणते. आजीला दाखवलाच नाही अजून, आधी तुलाच —

एक गाठ सुटली.

जुई जा बाहेर. म्हटलं ना. मोठ्यानं म्हटलं. तोंडातून काहीतरी दुसरंच — मऊ — ये म्हणाला —

दुसरी.

येतेय. हसतेय. खाटेवर गुडघा टेकवला. पेन टाकून तिला ढकलायचंय. एवढंच करायचंय. डावा हात पेन सोडत नाही — सोडत नाही — लिहीतच सुटलाय — आई — आई बाहेर ये —

तोंड उघडलंय तिनं. मोठं. डोळे मिटून. तिसरी. बोट जातंय. किती कोवळं हाये. हिले अजून कोनी ‘नाही’ म्हनायले शिकवलंच नाही